चित्र झाकून वाच

क्लीव्हलंड
१२ जानेवारी

प्रिय व्हर्नी,

वरच्या कोपऱ्यात मासा काढलाय तो जोसलिनसाठी. शेजारच्या पोरांनी गोठलेल्या तळ्याला भोक पाडून असले दोन धरले आणि दिवसभर गल्लीत मिरवले. माझ्या चित्रात तो बुटासारखा दिसतोय, पण तुझी नात समजून घेईल.

आता मुद्द्याचं. मला मागायला जमत नाही हे तुला ठाऊक आहे. बाबांनी आपल्याला एक वळण लावलं: घरच्या माणसाकडे एकदाच मागायचं. समोरचा गप्प राहिला तर टोपी उचलायची आणि चालू पडायचं, पुन्हा विषय काढायचा नाही. त्यामुळे हे मी एकदाच लिहितोय.

बेटीसारखी बायको गेल्यापासून हे घर खायला उठतं. जिना उतरताना गुडघा दगा देतो. कान तर पोलादाच्या कारखान्यातच ठेवून आलो, फोन वाजला तरी मला कळत नाही. दोन गल्ल्या पलीकडे म्हाताऱ्यांसाठी इमारत आहे. तिथं एक खोली रिकामी झालीये आणि महिनाअखेर त्यांना होय-नाही सांगायचंय. त्याआधी तुला विचारतो. तुझ्याकडची मागची खोली, शिवणयंत्राची, मला देशील का? मला गावी यायचंय, व्हर्नी. कुणाच्या पायात येणार नाही. तू नाही म्हणालीस तरी राग धरणार नाही, फक्त तसं लिही.

तुझा भाऊ,
हॉलिस

---

बेथेल क्रीक, अलाबामा
२५ जानेवारी

प्रिय भाऊ,

पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यातून ओळ धरून लिहितेय. अक्षर वाकडं गेलं तर माझ्या डोळ्यांना शिव्या दे, मला देऊ नकोस. नजरेच्या मधोमध डाग बसलाय तो बसलायच. समोरच्याचे कान दिसतात, तोंड दिसत नाही.

पण मला डोळे कशाला हवेत? माझी जोसलिन आहे ना. तुझं पत्र तिनं स्वयंपाकघरात उभं राहून असं धडाधड वाचलं म्हणून सांगू! मी भाजी निवडत होते, हातातली पानं तशीच राहिली. तू खोली आवरलीस, जिना झाडलास, शेजारच्या पोरांबरोबर मासे तळून खाल्लेस, सगळं कळलं. या वयात एवढा उत्साह बरा नव्हे हं, कंबर धरेल.

आता ऐक, इथं काय चाललंय ते. तिकडे राजधानीत, मंटगमरीत बसून लोकांनी वाचनाचा कायदा केला आणि तो आमच्या डोक्यावर आला. तिसरीच्या पोरांनी एप्रिलमध्ये वाचनाची परीक्षा द्यायची. नापास झाली तर चौथीचं दार बंद. शाळा मंडळानं व्यायामशाळेत सभा घेतली. मंडळाचे मोठे साहेब टाय लावून आले आणि म्हणाले, "आपल्या काउंटीत हा कायदा शब्दशः पाळला जाईल." मागून आपल्या चर्चचा डीकन पर्व्हिस म्हणाला, "साहेब, शाळेचं छप्परसुद्धा शब्दशःच दुरुस्त झालं होतं, अजून गळतंय." काय हशा पिकला!

पण घरी आले आणि माझं हसू पळालं. वर्गातली चित्रांची छोटी पुस्तकं खोक्यात भरून नेली. शिक्षिका शनिवारी प्रशिक्षणाला जातात, पन्नाशीच्या बायका बाकावर बसून अक्षरांचे आवाज काढतात. आणि जोसलिनच्या दप्तरातून एक कागद आला. डीकनच्या बायकोनं तो फोनवर कॅमेऱ्यातून बघून मला सांगितला. म्हणे तुमच्या मुलीला तिच्या इयत्तेचं वाचन येत नाही, रोज शाळेनंतर जादा तास घ्यायचाय, सही करा.

भाऊ, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जी पोर तुझं पत्र न अडखळता वाचते तिला वाचन येत नाही? तिची आई जर्मनीत फौजेच्या छावणीत, पोर माझ्या जिवावर टाकून गेलीये. पोरीला मठ्ठ ठरवणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. नापास करूनच दाखवा म्हणावं.

तब्येत सांभाळ. मासे कमी तळ.

व्हर्नेल

---

क्लीव्हलंड
९ फेब्रुवारी

व्हर्नी,

तुझं उत्तर मिळालं. जे लिहिलंस ते वाचलं, जे लिहिलं नाहीस तेही समजलो.

इमारतीतली खोली घेतली. एक तारखेपासून इथं राहतोय, एका वर्षाचा करार आहे. घर विकायला काढलंय. खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो. खालच्या मजल्यावरच्या बाईचा कुत्रा मला बघून शेपूट हलवतो. त्याचं चित्र वर काढलंय, जोसलिनला दाखव.

मासे मी तळले नव्हते. असो.

सहीचं तुझं तू बघ. तरी त्या शिक्षिकेचं एकदा ऐकून घे. कारखान्यात मला सगळे सांगायचे, कानात बोळे घाल, आणि मी त्यांना हसायचो.

हॉलिस

---

बेथेल क्रीक
२३ फेब्रुवारी

प्रिय भाऊ,

अखेर कुत्रा पाळलास! बेटी गेल्यापासून मी हेच सांगत होते, घरात काहीतरी जिवंत हवं. तो खिडकीत बसून गाड्यांवर भुंकतो म्हणे. जोसलिन ते वाचताना स्वतःच एवढी हसली की मलाही हसू फुटलं. तू घर रंगवायला काढलंयस तर पिवळा रंग नको, डोळ्यांत खुपतो.

शिक्षिका स्वतः घरी आली. ओसरीवरूनच परत पाठवणार होते, पण थंडीत उभी होती म्हणून घरात घेतलं. मिस प्रुइट, कोवळी पोरगी आहे, आवाजावरून पंचविशीची असेल. जोसलिनला बाहेर खेळायला पाठवून माझ्यासमोर बसली.

म्हणाली, "मिस व्हर्नेल, जोसलिन फार हुशार आहे. म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही."

"काय लक्षात आलं नाही?"

"ती वाचत नाही, ओळखते. चित्र बघते, शब्दाचं पहिलं अक्षर बघते आणि तिथं काय शोभेल ते म्हणते. पहिली-दुसरीत आमच्या शाळेनं तिला तसंच शिकवलं. तेव्हाच्या पुस्तकांत तसंच होतं. नव्या कायद्यानं ते बंद केलंय. आता मी तिच्यापुढे अर्थ नसलेले बनावट शब्द ठेवते, नुसते आवाज जोडून वाचायचे. ती प्रत्येकाचा ओळखीचा शब्द करून टाकते."

मी म्हटलं, "बाई, ज्याला अर्थच नाही ते पोरीनं कशाला वाचावं? तिनं त्याला अर्थ दिला, तर तुम्ही तिला नापास करणार?"

ती म्हणाली, "चित्र झाकलं की ती थांबते."

"मग झाकू नका!"

मी तिला गोड चहा पाजला, कारण आपल्या आईनं शिकवलंय, भांडायचं ते पाहुण्याला पाजून. पण सही केली नाही. उद्या ती म्हणेल डोळे झाकून वाच.

कुत्र्याचं नाव कळव.

व्हर्नेल

---

क्लीव्हलंड
४ मार्च

मिस प्रुइट यांस, तिसरीचा वर्ग, बेथेल क्रीक शाळा

आपली ओळख नाही. मी जोसलिनच्या आजीचा थोरला भाऊ. मला ऐकू येत नाही आणि बहिणीला नीट दिसत नाही, म्हणून आम्ही पत्रं लिहितो. माझी पत्रं जोसलिन तिला वाचून दाखवते.

मी कुत्रा पाळलेला नाही. पत्राच्या वर त्याचं चित्र काढलं होतं, इतकंच. त्याआधीच्या पत्रावर मासा काढला, तर बहिणीचं उत्तर आलं की मी मासे तळतो. खोली, जिना, घर, खिडकी हे शब्द पोरीनं बरोबर उचललेत. त्यांच्या मधलं सगळं तिनं स्वतः रचलं. बहिणीची उत्तरं टेबलावर मांडून, मी काय लिहिलं होतं ते आठवून हे ताडून पाहिलं.

हे बहिणीला कळवायचं तर कसं? मी लिहीन ते तिच्यापर्यंत त्याच पोरीच्या तोंडून जाणार. शेजाऱ्यांना कळवलं तर रविवारपर्यंत सगळ्या चर्चला कळेल आणि पोरगी तोंड लपवत फिरेल. तेव्हा तुम्हीच जा. माझ्या बहिणीचा आवाज मोठा आहे, पण मन तसं नाही. तिला जोसलिनवर रागावू देऊ नका. सही मात्र घ्या. परीक्षेला आता दिवस राहिले नाहीत.

एक विनंती आहे. जुनी पत्रं पुन्हा वाचायला लावू नका. त्यांत आता कामाचं काही उरलेलं नाही.

आपला,
हॉलिस गेन्स

---

बेथेल क्रीक
१९ मार्च

मिस्टर हॉलिस,

तुमची एक विनंती माझ्याकडून मोडली गेली. कशी, ते सांगते.

शनिवारचं प्रशिक्षण संपवून मी तुमच्या बहिणीकडे गेले. तुमचं पत्र माझ्या पर्समध्ये होतं, पण ते बाहेर काढायचा धीर होईना. मी एवढंच म्हटलं, "जोसलिन, आजोबांचं कुत्र्याचं पत्र मला वाचून दाखवतेस?" तिनं ते आनंदानं आणलं. मी कुत्र्यावर तळहात ठेवला आणि म्हटलं, "आता वाच."

ती पहिल्या शब्दापाशी थांबली. मग दुसऱ्या शब्दाकडे गेली आणि तिथंही थांबली. मिस व्हर्नेल खुर्चीतून म्हणाल्या, "अगं वाच ना, बाईंना कळू दे." पोरीनं माझ्याकडे असं पाहिलं की मला चित्रावरचा हात काढून घ्यावासा वाटला. मी काढला नाही.

मग ती रडायला लागली. म्हणाली, "आजी, तू हसायचीस. मी वाचलं की तू हसायचीस."

मिस व्हर्नेलनी हात पुढे करून तिचा खांदा धरला. नंतर त्यांनी तिला मांडीवर ओढलं, एवढी मोठी मुलगी, पाय जमिनीला टेकत होते. तिच्या डोक्यावरून मला म्हणाल्या, "सगळी वाचा. नाताळानंतरची सगळी. जसं लिहिलंय तसं."

मी म्हटलं की तुम्ही नको म्हणालात. त्या म्हणाल्या, "पत्रं माझ्या नावावर आली आहेत, त्याच्या नाही." जानेवारीचं पत्र मी वाचलं. शिवणयंत्राच्या खोलीपाशी पोचले तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, उठल्या, भिंत धरत त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, "कुठं सही करायची ते माझं बोट धरून दाखवा."

तुमच्यापासून लपवत नाही. परीक्षेच्या आत ती तयार होणं कठीण आहे. कायद्यानं तारीख दिलीये, मुलाला किती वेळ लागेल ते कायद्याला ठाऊक नाही. पण हा कायदा नसता तर तिच्या चित्रावर कुणी हात ठेवला नसता, हेही खरं आहे. मी दोन्ही घेऊन रोज वर्गात जाते.

तुमची,
ॲडेल प्रुइट

---

बेथेल क्रीक
२० मार्च

हॉलिस,

तू विचारलंस आणि मी तुला मासे कमी तळ म्हणून लिहिलं.

खोली तुझी आहे. आधीपासून तुझीच होती. ये.

व्हर्नेल

---

क्लीव्हलंड
२ एप्रिल

प्रिय व्हर्नी,

हे पत्र मिस प्रुइट वाचून दाखवतील, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

मी तुझ्यावर रागावलो होतो. आठवडाभर तर तुझं नावही मनात येऊ दिलं नाही. बहीण म्हणवते आणि खोलीचं उत्तर माशांनी देते! तेव्हा तूही मला हवं ते बोलून घे, म्हणजे फिटंफाट होईल.

करार जानेवारीपर्यंत आहे. मोडता येईल, पण मोडणार नाही. मी आत्ता आलो तर त्या पोरीला वाटेल की तिच्या चुकीमुळे म्हाताऱ्याला धावत यावं लागलं. घरात रोज मला बघून तिला तेच आठवेल. आधी तिचं होऊ दे. इथं मी उपाशी नाही, गुरुवारी पत्ते खेळतो आणि सगळे माझ्याइतकेच बहिरे असल्यामुळे भांडण होत नाही.

तिला सांग, आजोबा रागावले नाहीत. तिनं माझ्यापेक्षा चांगली पत्रं रचली होती.

हॉलिस

---

बेथेल क्रीक
३० जून

प्रिय भाऊ,

जोसलिन नापास झाली. पहिल्या खेपेला थोडक्यात राहिली असं म्हणायलाही जागा नाही, चांगलीच राहिली. रोजचा तास झाला, मिस प्रुइट शनिवारीही घरी आल्या, पोरीनं अंगणात बसून आवाज जोडून जोडून ओठ सुकवले. आणि तरी नापास. उन्हाळी वर्ग झाला, दुसरी परीक्षा झाली. पुष्कळ पुढे गेली, पण रेषेच्या अलीकडेच राहिली.

मग मंडळाच्या कार्यालयातून एक बाई आली. फार गोड बोलली. म्हणाली, "कायद्यात सूट आहे, मिस व्हर्नेल. मुलीचं वर्षभराचं चांगलं चांगलं काम एका फाइलीत लावू, चौथीत घालू. तुमच्या मुलीचाही हिरमोड नको." मी विचारलं, अशा किती पोरांना सूट देताय? ती खोकली. नापासांचा आकडा मोठा दिसला तर मंडळाची पंचाईत होते, हे तिनं न सांगताच मला कळलं. आंधळी आहे, बावळट नाही.

मिस प्रुइटना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी सल्ला देऊ शकत नाही. ती वाचायला लागलीये, पण चौथीत कुणी तिच्यासाठी थांबणार नाही, एवढं मला ठाऊक आहे."

रात्रभर डोळा लागला नाही. जानेवारीत मीच म्हणत होते, नापास करूनच दाखवा. सकाळी जोसलिनला समोर बसवलं.

म्हटलं, "तुला चौथीत जायचंय?"

"हो. केंड्रा चालली, माझ्या सगळ्या मैत्रिणी चालल्या."

"तिथलं पुस्तक तुला वाचता येईल?"

तिनं मान हलवली असावी. मला दिसलं नाही, म्हणून मी म्हटलं, "तोंडानं सांग." ती म्हणाली, "नाही." आणि मग म्हणाली, "पण त्यात चित्रं असतील."

मी त्या बाईला फोन करून सांगितलं, सूट नको, पोर तिसरीतच राहील. जोसलिन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जर्मनीहून तिच्या आईनं मला फोनवर फैलावर घेतलं. चर्चमध्ये डीकनची बायको म्हणाली, "व्हर्नेल, दार उघडं असताना तू पोरीला बाहेर ठेवलंस?" मी बरोबर केलं की नाही मला कळत नाही. तू लिही. चित्र काढू नकोस.

व्हर्नेल

---

बेथेल क्रीक
१४ ऑक्टोबर

हॉलिस आजोबा,

हे मी लिहिलं. मिस प्रुइट फक्त शेजारी बसल्या.

मी परत तिसरीत आहे. मी सगळ्यांत उंच आहे. एक मुलगा मला आजी म्हणतो. मी त्याला ढकललं. मग मला शिक्षा झाली. केंड्रा आता डबा खाताना माझ्याजवळ बसत नाही. मला आजीचा राग येतो. रोज नाही येत.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. आजी म्हणाली, मिस प्रुइट येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, नको, मी वाचते. वर चित्र नव्हतं. मी बोट ठेवून वाचलं. खूप वेळ लागला. आजीचा चहा गार झाला.

तुम्ही जिन्यात पडलात असं पत्रात होतं. हाड मोडलं असं होतं. आधी मला वाटलं माझंच चुकलं. मी परत वाचलं. तेच होतं. मला ते म्हणायचं नव्हतं. मला म्हणायचं होतं, तुम्ही जिना झाडला. आजी वाट बघत होती. मग मी म्हटलं, आजोबा पडले. दवाखान्यात आहेत. उजवा पाय.

आजी रडली. मी पण रडले. मी म्हटलं, बंद करू का? आजी म्हणाली, अजून किती आहे? मी म्हटलं, अर्धं पान. ती म्हणाली, वाच. मी सगळं वाचलं.

आजीनं शिवणयंत्र माझ्या खोलीत ठेवलं. आम्ही शुक्रवारी बसनं येतो. डॉक्टर सोडतील तेव्हा तुम्हाला घेऊन येऊ. आजी म्हणाली, विचारत नाही, सांगतेय, असं लिही. मी लिहिलं.

पायाला खूप दुखतं का? खरं लिहा.

जोसलिन